धर्म आणि विज्ञान: तुमचे नेहमीचे प्रश्न आणि आमची उत्तरं

ग्रहण आलं, संक्रांत आली, गणपती जवळ आले की आमच्याकडे प्रश्नांचा ओघ वाढतो. शब्द वेगळे, विचारणा बऱ्याचदा तीच. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसरीकडे सविस्तर लिहिलंय तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धर्म आणि विज्ञान यांचं भांडण आहे की नाही? गोल गोल नको, सरळ सांगा.

सगळ्या धर्माचं सगळ्या विज्ञानाशी भांडण नाही. काही धार्मिक दाव्यांचं मात्र आहे, आणि ते समजुतीने मिटण्यातलं नाही.

धर्माच्या नावाखाली निदान तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. एक, जग कसं आहे याविषयीची विधानं: ग्रहण राहूमुळे लागतं, पृथ्वी सहा हजार वर्षांपूर्वी निर्माण झाली. दोन, कसं वागावं याचे आदेश: खोटं बोलू नये, दारात आलेल्याला उपाशी पाठवू नये. तीन, उपासना, सणवार, वारी, दुःखात आधार देणारी वचनं. पहिल्या प्रकारची विधानं तपासता येतात, म्हणून तिथे विज्ञानाला बोलायचा पुरा अधिकार आहे. उरलेल्या दोन्हींत दुर्बिणीतून फारसं काही दिसत नाही. म्हणून कोणी 'धर्म विज्ञानविरोधी आहे' म्हणो की 'आमचा धर्म पूर्ण वैज्ञानिक आहे' म्हणो, आमचा उलट प्रश्न एकच असतो: नेमकं कोणतं विधान?

२. मग दोघांची क्षेत्रं वेगळी मानली की झालं. वाद कशाला?

जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९९७ साली अगदी हीच वाटणी सुचवली होती: वस्तुस्थिती विज्ञानाकडे, मूल्यं आणि अर्थ धर्माकडे, एकमेकांच्या हद्दीत कोणी शिरायचं नाही. वाटणी देखणी आहे, पण धर्म आपल्या हद्दीत राहत नाहीत. नवसाने मूल होतं हे मूल्य नव्हे, वस्तुस्थितीविषयीचा दावा आहे. 'नवसें कन्यापुत्र होती, तरी कां करणें लागे पती' असं तुकोबांनी विचारलं, तेव्हा ते या दाव्याचीच तपासणी करत होते, आणि तीही देवभक्त राहून. दुसऱ्या बाजूनेही हद्द ओलांडली जाते (प्रश्न ११ पाहा).

३. गॅलिलिओचा चर्चने छळ केला, एवढा पुरावा पुरेसा नाही का?

छळ झाला, यात शंका नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारं कोपर्निकसचं पुस्तक १६१६ साली 'दुरुस्ती होईपर्यंत' रोखण्यात आलं. १६३३ साली गॅलिलिओला हेच मत सोडल्याची शपथ घ्यावी लागली आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत तो नजरकैदेत राहिला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चची चूक जाहीरपणे मानायला १९९२ साल उजाडलं.

पण ही गोष्ट शाळेत सांगतात तितकी सोपी नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर जवळचे तारे वर्षभरात किंचित सरकलेले दिसायला हवेत. ते सरकणं मोजता आलं १८३८ साली, जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलला. म्हणजे गॅलिलिओच्या हयातीत निर्णायक पुरावा नव्हता. त्याचा स्वतःचा आवडता पुरावा भरती-ओहोटीचा होता, आणि तो चुकीचा होता. चर्चच्या बाजूचे कार्डिनल बेलार्मिन यांनी १६१५ मध्ये लिहिलं होतं की खरा पुरावा मिळाला तर बायबलमधल्या वचनांचा अर्थ पुन्हा लावावा लागेल. हे बोलणं अवैज्ञानिक नाही. चर्चने पुरावा मागितला यात गैर काहीच नव्हतं. गैर होतं ते पुरावा शोधणाऱ्याचं तोंड बंद करणं. अपुऱ्या पुराव्याचं मत मांडायची मुभा नसेल, तर पुरेसा पुरावा कधी जमायचा?

विज्ञान आणि धर्म यांचं पहिल्यापासून युद्धच चालू आहे, हे चित्र मुख्यतः ड्रेपर (१८७४) आणि व्हाइट (१८९६) या दोन अमेरिकन लेखकांनी रंगवलं. आजचे विज्ञानाचे इतिहासकार ते जसंच्या तसं स्वीकारत नाहीत.

४. आपल्याकडे असं कधी झालं नाही, बरोबर ना?

खटला झाला नाही. तो चालवायला एकछत्री धर्मपीठच नव्हतं. पण 'काहीच झालं नाही' हेही खरं नाही.

आर्यभटाने ४९९ साली स्वच्छ लिहिलं: चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हेही सांगितलं, आणि पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या गोष्टी मागे जाताना दिसतात हा दाखला दिला. पुढच्या टीकाकारांना ते पचलं नाही. पृथ्वी फिरते असं सांगणाऱ्या ओळीतला 'भूः' बदलून 'भं', म्हणजे नक्षत्रमंडळ, केलं गेलं. एका अक्षराने पृथ्वी थांबली.

ब्रह्मगुप्ताचं प्रकरण तर आणखी चमत्कारिक. ६२८ सालच्या ग्रंथात तो राहू नाकारणाऱ्यांवर तुटून पडतो, कारण श्रुतिस्मृतींत राहू आहे. आणि त्याच ग्रंथात ग्रहणाचं गणित मात्र सावलीवरूनच करतो. चारशे वर्षांनी मध्य आशियातला विद्वान अल्-बिरूनी हे वाचून चक्रावला. त्याने अंदाज केला की सॉक्रेटिसवर आली तशी काही आपत्ती टाळायला हा माणूस मनाविरुद्ध बोलला असावा. अंदाजच आहे, पण दबाव नव्हता असं म्हणणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

भास्कराचार्यांनी ११५० साली तडजोड काढली: चंद्रग्रहणात राहू पृथ्वीच्या सावलीत शिरून चंद्राला झाकतो, सूर्यग्रहणात चंद्रबिंबात शिरून सूर्याला. गणिताला धक्का नाही, पुराणालाही नाही. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ साली मठ काढला. तिथला शिलालेख आजही त्याची साक्ष देतो.

गणित सांभाळायचं आणि पुराणाला नमस्कार करायचा, या शहाणपणाने ज्योतिर्गणित टिकलं हे कबूल. पण कारण समजलेलं ज्ञान पोथीतच राहिलं, घराघरांत भीतीच पोचली. फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला मुंबईचे रस्ते ओस पडले होते, आर्यभटानंतर जवळजवळ पंधराशे वर्षांनी.

५. ग्रहणात जेवू नये, गरोदर बाईने बाहेर पडू नये, यात तथ्य किती?

शिजवलेल्या अन्नावर ग्रहणाचा काही परिणाम होत नाही, सावली ही सावलीच असते. गरोदरपणात ग्रहण पाहिल्याने बाळाला व्यंग येतं याला पुरावा नाही. उलट पोटुशी बाई तासन्‌तास उपाशी आणि पाण्याविना राहिली तर त्रास होऊ शकतो. खरा धोका एकच: सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी किंवा काळ्या चष्म्यातून पाहणं. डोळ्याचा पडदा जळतो आणि जळताना दुखत नाही. प्रमाणित ग्रहण-चष्मा वापरा. चंद्रग्रहण खुशाल गच्चीवर बसून बघा.

श्रद्धेने पाळणूक करायची असेल तर तो तुमचा प्रश्न. फक्त ती घरातल्या गरोदर सुनेवर लादू नका.

६. आपल्या प्रत्येक रूढीमागे विज्ञान आहे, असं रोज व्हॉट्सअॅपवर येतं. खरं का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर: प्रत्येक रूढीमागे नाही, काहींमागे अनुभव आहे, आणि ते एकेक तपासूनच सांगता येतं.

पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो, हे उदाहरण घ्या. प्राणवायू प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडतो आणि त्याला उजेड लागतो. रात्री पिंपळही इतर झाडांसारखा श्वसनच करतो. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड साठवतात हे खरं, पण साठवणं म्हणजे प्राणवायू सोडणं नव्हे. तुळस ओझोन देते, हा मजकूरही दरवर्षी फिरतो. ओझोन जास्त झाला तर फुप्फुसांना अपायकारक असतो, हे तो पुढे पाठवणाऱ्यांच्या गावी नसतं.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. या मजकुरांनी विज्ञानाचं नुकसान होतं हे उघड आहे, पण धर्माचंही होतं. रूढीला प्रयोगशाळेचा दाखला लागतो असं एकदा मान्य केलं, की दाखला रद्द झाल्यावर रूढीही सोडायला हवी. ती तयारी कोणाचीच नसते. मग हा दाखला कशाला? वारकरी पंढरीला चालत जातो तो रक्तातली साखर कमी करायला नव्हे. वारीला 'कार्डिओ'चं प्रमाणपत्र देणाऱ्याला वारी कळली नाही, आणि बहुधा हृदयविकारही.

७. ज्योतिष हे विज्ञान आहे की श्रद्धा?

ग्रह कुठे आहेत हे सांगणं गणित आहे, आणि ते पक्कं आहे. त्या ग्रहांवरून माणसाचं भविष्य सांगणं हा वेगळा दावा आहे, आणि तो तपासता येतो.

२००८ साली पुण्यात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन दोनशे पत्रिका केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस द्यायच्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते त्याने सांगायचं. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका पाहिल्या, त्यात १०२ बरोबर.

'पण विद्यापीठात ज्योतिष शिकवतात आणि सर्वोच्च न्यायालयानेही मान्यता दिली' हा प्रतिवाद लगेच येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली अभ्यासक्रमाला परवानगी दिली आणि २००४ साली न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही, हे खरं. पण अभ्यासक्रम ठरवायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिथे होता. मंगळ खरंच लग्न मोडतो का, हे न्यायालयाने तपासलेलं नाही.

८. इस्रोवाले उड्डाणाआधी तिरुपतीला जातात. म्हणजे शास्त्रज्ञही मानतातच ना?

मानतात, काही जण. पण कक्षेचं गणित करताना ते बालाजीचं नाव समीकरणात घालत नाहीत. बिघाड झाला तर चौकशी समिती इंधनवाहिनी आणि संगणकप्रणाली तपासते, पूजेत काय राहून गेलं हे नाही.

याहून बोलकं उदाहरण १९७९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचं. अब्दुस सलाम श्रद्धाळू मुसलमान, स्टीवन वाइनबर्ग उघड नास्तिक. दोघे स्वतंत्रपणे एकाच सिद्धांतावर पोचले आणि दोघेही पारितोषिकाचे वाटेकरी झाले. एखाद्याच्या श्रद्धेवरून त्याचं विज्ञान खरं-खोटं ठरत नाही, तसंच त्याच्या विज्ञानावरून श्रद्धाही खरी ठरत नाही.

बेल्जियन धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांना हे नेमकं कळलं होतं. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची कल्पना त्यांनी १९२७ साली मांडली. १९५१ मध्ये पोपनी या सिद्धांतात सृष्टिनिर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्रच. भौतिकशास्त्रातला सिद्धांत उद्या बदलू शकतो, त्यावर धर्माचा पाया कशाला घालायचा, अशी त्यांची भूमिका होती. प्रश्न ६ मधलं आमचं म्हणणं तेच आहे.

(आइनस्टाइनबद्दल विचारणाऱ्यांसाठी: ते स्पिनोझाचा ईश्वर मानत, म्हणजे विश्वातली नियमबद्धता. नवसाला पावणारा देव त्यांनी स्पष्ट नाकारला होता.)

९. दशावतार म्हणजे उत्क्रांतीच आहे. डार्विनच्या आधी आपल्याला माहीत होतं, नाही का?

मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन... क्रम मोहक आहे, पण पुढे बघा. परशुराम, राम आणि कृष्ण या तीन जीवजाती नव्हेत. उत्क्रांती ही शिडी नाही, फांद्या फुटत जाणारा वंशवृक्ष आहे, आणि डार्विनने १८५९ साली सांगितलेला मुख्य मुद्दा क्रमाचा नव्हताच. बदल कशाने होतो, हा होता: नैसर्गिक निवड. ती दशावतारांत कुठेच नाही. तिथे देव धर्मरक्षणासाठी अवतरतो. ती कथा ज्यासाठी आहे त्यासाठी वाचली तर तिला डार्विनच्या शिफारसपत्राची गरज पडत नाही.

१०. शास्त्रवचन आणि प्रत्यक्ष अनुभव यांत विरोध आला तर धर्माचार्य काय म्हणतात?

अनेकांना वाटतं त्यापेक्षा फार मोकळं म्हणतात. शंकराचार्यांनी गीताभाष्यात, अठराव्या अध्यायात, लिहिलंय की 'अग्नी थंड आहे' असं शंभर श्रुतिवचनांनी सांगितलं तरी ती प्रमाण होणार नाहीत. इस्लामी धर्मचिंतक अल्-गझाली तत्त्वज्ञांवर तुटून पडण्यासाठीच प्रसिद्ध. पण अकराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बजावलं की ग्रहणाचं खगोलशास्त्रीय कारण धर्मासाठी नाकारणारा माणूस धर्माचंच नुकसान करतो. प्रेषितांच्या मुलाचं निधन झालं त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. लोक दोन्हींचा संबंध लावू लागले, तेव्हा कोणाच्या मरणाने ग्रहण लागत नसतं, असं प्रेषितांनी सांगितल्याची हदीस आहे.

अडचण पुढे आहे. प्रत्यक्षाचं राज्य कुठे संपतं आणि श्रुतीचं कुठे सुरू होतं, ही रेघ कोणी मारायची? थंड अग्नीबद्दल कोणाचंच दुमत नसतं. आत्मा, पुनर्जन्म, चमत्कार इथे आलं की प्रत्येक जण रेघ आपल्या सोयीने सरकवतो.

११. विज्ञान काय करावं हे सांगू शकतं का, की फक्त काय आहे तेवढंच?

फक्त काय आहे तेवढंच, आणि अमुक केलं तर काय होईल ते. 'आहे' यावरून 'असावं' निघत नाही, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवलं. लस किती जणांना वाचवेल हे विज्ञान सांगेल. आधी कोणाला द्यायची, हे नाही सांगणार. हे विसरून वैज्ञानिकांनीही हद्द ओलांडली आहे: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुप्रजननाच्या, म्हणजे 'चांगल्या' वंशाचीच मुलं जन्मावीत या कल्पनेच्या, नावाखाली अमेरिकेत हजारो लोकांची सक्तीने नसबंदी झाली, आणि तिला पाठिंबा देणाऱ्यांत नामवंत शास्त्रज्ञ होते.

पण विज्ञान नीती देत नाही म्हणून ती धर्माकडूनच घ्यावी लागते, असं मुळीच नाही. अस्पृश्यता धर्मशास्त्राच्या आधारानेच पाळली जात होती. तिच्याविरुद्ध जोतीराव फुले उभे राहिले ते निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानूनच, पण ग्रंथप्रामाण्य झुगारून. विवेक हा तिसरा पक्ष आहे आणि तो दोघांनाही जाब विचारतो. 'सत्य असत्याशी मन केलें ग्वाही' हे तुकोबांचं वाक्य आहे, प्रयोगशाळेतलं नाही.

१२. विज्ञानही शेवटी श्रद्धाच ना? अणू तुम्ही कुठे पाहिलाय?

थोडं मान्य करतो. निसर्गाचे नियम उद्याही असेच राहतील, हे विज्ञान सिद्ध करू शकत नाही, गृहीत धरतं. आणि आपण बहुतेक गोष्टी तज्ज्ञांवर विश्वासून मानतो, हेही खरं.

फरक आहे तो चुकीचं काय करायचं यात. न्यूटनपेक्षा मोठा अधिकारी पुरुष भौतिकशास्त्रात झाला नव्हता. तरी बुधाची कक्षा त्याच्या गणितात नीट बसत नव्हती, हे लोक उघड बोलत होते. १९१५ साली आइनस्टाइनने वेगळं गणित मांडलं, २९ मे १९१९ च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश वाकलेला मोजला गेला आणि न्यूटनचा सिद्धांत दोनशे वर्षांचं सिंहासन सोडून उतरला. कोणी त्याला पाखंड म्हटलं नाही. श्रद्धेच्या क्षेत्रात असं सत्तांतर सहसा शांततेत होत नाही.

१३. मग देव नाही हे विज्ञानाने सिद्ध केलं का?

कोणता देव, त्यावर आहे. कोपली की घरात 'देवी' काढणारी देवी असेल, तर तिचं खातं बंद झालं: १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीच्या रोगाचं उच्चाटन जाहीर केलं, आणि ते लशीने झालं. निर्गुण ब्रह्म किंवा स्पिनोझाचा ईश्वर मात्र कोणतीच तपासता येणारी गोष्ट सांगत नाही, म्हणून विज्ञानाला तिथे हातही लावता येत नाही. हा त्याचा विजय समजायचा की पळवाट, हे तुम्ही ठरवा. आमच्या मंडळींत यावर एकमत नाही.

१४. प्रार्थनेने रोगी बरे होतात हे सिद्ध झालंय असं वाचलं.

उलट झालंय. २००६ साली अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसऱ्यांनी प्रार्थना केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांत फरक आढळला नाही. आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे ज्यांना नक्की माहीत होतं, त्यांना गुंतागुंत थोडी जास्तच झाली, कदाचित काळजीने. स्वतः प्रार्थना केल्याने मन शांत होतं का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याला 'नाही' म्हणायचं कारण नाही.

१५. अंगात येतं ते सगळं ढोंग असतं का?

नाही. अवस्था खरी असू शकते, तिचं कारण काय हा वाद आहे. इथे एका गोवेकर पाद्र्याचं नाव घ्यायलाच हवं. कांदोळीत १७५६ साली जन्मलेले आबे फारिया पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून दाखवत. मेस्मरचे अनुयायी त्यामागे अदृश्य चुंबकीय द्रव सांगत. फारियांनी द्रवही नाकारला आणि करणाऱ्याची गूढ शक्तीही. जे घडतं ते समोरच्याच्या मनात, सूचनेमुळे, असं त्यांनी मांडलं. पणजीत त्यांचा पुतळा आहे.

वारशाने, गजरात, अपेक्षेने एखादी बाई भान हरपून घुमते तेव्हा तिला खोटारडी म्हणणं अन्यायाचं आहे. तिच्या तोंडून निघालेल्या शब्दावर कोणाला चेटकीण ठरवणं मात्र गुन्ह्याकडे नेतं. दैवी शक्तीचा आव आणून लुबाडणं, धमकावणं, अघोरी उपचार करणं यांना महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. वारी, कीर्तन, प्रवचन, पूजा यांना त्याने हात लावलेला नाही; त्यांवरही बंदी आल्याची अफवा अजून चालू आहे म्हणून सांगितलं.

१६. माहेरी टिळक पंचांग, सासरी दाते पंचांग. एखाद्या वर्षी दोन्हीकडचे गणपती महिन्याच्या अंतराने येतात. यातलं वैज्ञानिक कोणतं?

सगळ्यांत अवघड प्रश्न शेवटी ठेवला होता. सूर्य-चंद्र कुठे आहेत याबाबत दोन्ही पंचांगांत वाद नाही. एकोणिसाव्या शतकात केरोपंत छत्र्यांपासून पंचांगाचं गणित वेधाशी जुळवायची जी चळवळ झाली, ती याचसाठी. वाद आहे तो राशिचक्राची सुरुवात कुठून मोजायची याचा. टिळक पंचांग रेवतीतला एक विशिष्ट तारा धरतं, म्हणून तिथे मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, इतरांकडे १४ किंवा १५ ला. ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक महिना. आरंभबिंदू चार अंश सरकला की क्वचित अधिक महिनाही वेगळा पडतो आणि गणपती महिनाभर पुढेमागे होतात.

आरंभबिंदू हा संकेत आहे. विज्ञान त्याला बरोबर किंवा चूक म्हणू शकत नाही. 'संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं' हे विधान मात्र तपासता येतं, आणि ते आज दोन्ही पंचांगांत चूक आहे: सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. १४-१५ जानेवारीची संक्रांत आणि उत्तरायणाची सुरुवात एका दिवशी यायची त्याला सुमारे सतराशे वर्षं झाली, आणि दर बहात्तर वर्षांनी अंतर एकेका दिवसाने वाढतंय. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका ऋतूंना बांधली गेली. सरकारी राजपत्रावर तिची तारीख असते, सणांना ती कोणी विचारत नाही.

तेव्हा दोन्ही घरी ज्याचं त्याचं पंचांग चालू द्या. मोदक दोनदा मिळतील.